न पडलेल्या बाईचा रक्तस्राव

बायकोचं डोकं दुखायला लागलं तेव्हा दिवाळी पंधरा दिवसांवर होती. डोकेदुखीला ती भाव देत नसे. इथल्या हिंदी मुलखात, मुरारच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवल्यावर डोकं दुखायचंच, असं तिचं म्हणणं. पण चौथ्या दिवशी सकाळी उलटी झाली आणि ती म्हणाली, "अहो, मला दोन-दोन तुम्ही दिसताय. एकच पुरेसा होता."

पडावजवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेलो. फॉर्मवर विचारलं होतं, पूर्वी काही गंभीर आजार? मी 'नहीं' लिहिलं. सहा वर्षांपूर्वी तिच्या छातीतल्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. पाच वर्षं तपासण्या झाल्यावर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी हात मिळवून सांगितलं होतं, आता विसरून जा. तिने तो हुकूम मानला. घरात त्या शब्दावर बंदी होती आणि मी सांगितलेलं ऐकणारा माणूस आहे.

डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर मेंदूच्या घड्यांमधल्या पांढऱ्या रेघा दाखवल्या. "दिमाग़ के ऊपर ब्लीडिंग है. गिरी थीं क्या?"

"नहीं," ती म्हणाली.

"याद कीजिए."

"गिरती तो मुझे पता होता."

पडली नसेल तर डोक्यातली नस फुटली असणार, असं ठरलं. तिला आयसीयूत हलवलं. मुलगी इंदूरहून आली. नसांची तपासणी झाली, सगळ्या नसा शाबूत निघाल्या. त्यामुळे आम्ही पुन्हा पडण्यावर आलो.

"आई, तू पंखा पुसायला स्टूलवर चढली होतीस ना? पक्का वहीं से गिरी होगी," मुलगी म्हणाली.

"चढले होते. उतरलेही होते."

कोणी ऐकलं नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण नारळपाणी आणायचा आणि या वयात स्टूलवर चढू नये म्हणून सांगायचा. मीही एकदा रागावलो. घरी जाऊन ते स्टूल कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला देऊन टाकलं. "इसमें ख़राबी क्या है?" त्याने विचारलं. लोक पडतात, मी म्हणालो. त्याने ठेवून घेतलं.

दहाव्या दिवशी पुन्हा स्कॅन केला. एव्हाना रक्त विरायला हवं होतं. रेघा होत्या तशाच पांढऱ्या. डॉक्टरांनी दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी लावून बराच वेळ पाहिले. त्यांच्या हाताखालची एक तरुण डॉक्टरीण बायकोची छाती तपासायला आली. स्टेथोस्कोप ठेवता ठेवता जुना व्रण पाहून थांबली. "ये किस चीज़ का ऑपरेशन है?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी सलाइनच्या बाटलीकडे.

मग औषध टोचून एमआरआय झाला. पाठीच्या कण्यातून पाणी काढलं. पहिल्या वेळी काही मिळालं नाही, दुसऱ्या वेळी कॅन्सरच्या पेशी सापडल्या. डॉक्टरांनी मला आणि मुलीला खोलीत बसवून सांगितलं, की कॅन्सर मेंदूच्या आवरणावर पसरला आहे. रक्त वाटलं ते हेच होतं. आधी कळलं असतं तरी फारसा फरक पडला नसता, असंही म्हणाले. ते माझ्यासाठी म्हणाले हे मला कळलं. खरं होतं की नाही, ते विचारलं नाही.

बायकोला मी सांगितलं.

"म्हणजे मी पडले नव्हते."

"नाही."

"मग सांगा सगळ्यांना."

त्या दुपारी मी अकरा फोन केले. प्रत्येकाला आधी सांगितलं की ती पडली नव्हती, आणि मग कॅन्सरचं. संध्याकाळी फॉर्मचंही तिला सांगून टाकलं.

"मीही 'नाही'च लिहिलं असतं," ती म्हणाली. मला जरा बरं वाटलं. तेवढ्यात म्हणाली, "दोघांचं उत्तर सारखं आलं म्हणून ते बरोबर ठरत नाही."

डोक्याला रेडिएशन दिलं. महिनाभर डोकेदुखी उतरली. ती गच्चीवर उन्हात बसायची, एका डोळ्यावर रुमाल बांधून मटार सोलायची. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर मटार दुप्पट दिसतात आणि उत्साह जातो, म्हणायची. संक्रांतीला मुलगी म्हणाली, बाज़ार से गजक ले आते हैं. तिला ती विकतची तिळाची मिठाई नको होती, घरच्या तिळाच्या वड्याच हव्या होत्या. खुर्चीवर बसून तिने पाक कधी उतरवायचा ते सांगितलं. वड्या पडल्या नाहीत. आम्ही तिघांनी चमच्याने खाल्लं.

त्यानंतर ती फारशी बोलली नाही. आठेक दिवसांनी, सकाळी, मुलगी आत चहा करत होती आणि मी तिची नखं कापत होतो. तिचा हात माझ्या हातात जड झाला तेव्हा मला कळलं. दोन बोटांची नखं राहिली होती. ती कापली आणि मग मुलीला हाक मारली.