दाजींनी फास्ट केलेला कॉम्प्युटर

तुपाच्या बोटांनी मदरबोर्डला हात लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमचा जावई आहे.

धोंड्याचा महिना होता. बहीण आणि दाजी पुण्याहून आमच्याकडे लोधिवलीला जेवायला आले होते. या महिन्यात जावयाला पाटावर बसवून पुरणाचे धोंडे वाढायचे, वाण द्यायचं आणि तो जे बोलेल त्याला सगळ्यांनी माना डोलवायच्या. मला या प्रकाराची पहिल्यापासून शिसारी आहे. जावई म्हणजे दहावा ग्रह हे माहीत असूनही त्याला आपणच आवतण देऊन घरात आणायचं. या खेपेस हा ग्रह रिकाम्या हातांनी आला नव्हता. खिशातल्या डबीतून दाजींनी एक प्रोसेसर काढला आणि म्हणाले, "बाबा, तुमच्या खटाऱ्यासाठी गिफ्ट."

खटारा म्हणजे माझा जुना फोर-एटी-सिक्स. शिळफाट्याला माझा कॉम्प्युटर क्लास होता, तेव्हाचा. क्लास बंद पडला, बाकीची यंत्रं भंगारात गेली, हे एक घरी आलं. त्यावर विटा फोडायचा एक खेळ आहे. वर विटा, खाली फळी, मधे चेंडू. बाणाची बटणं दाबून फळी सरकवायची आणि चेंडू खाली पडू द्यायचा नाही.

बाबांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, तेव्हा डॉक्टरांनी दाबायला रबरी बॉल दिला. तो त्यांनी कुत्र्याला देऊन टाकला. कर्जतहून गाड्यांना मागून रेटा देत घाट चढवणारी इंजिनं त्यांनी चालवलेली, त्यांना बॉल दाबत बसणं पोरकट वाटायचं. हा खेळ मात्र त्यांनी मनावर घेतला. रोज न्याहारी झाली की डाव्या हाताने उजवा हात उचलून कीबोर्डवर ठेवायचे. पुढे तो हात आपला आपण उचलला जाऊ लागला. मग चहाचा कप धरू लागला. घरात याबद्दल कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण आई कप मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला ठेवायची.

"दाजी, राहू द्या, चालतंय ते," मी म्हटलं. आईने माझ्याकडे पाहून डोळे वटारले.

जेवण झाल्यावर धोतराला पुसावीत तशी सोफ्याच्या कव्हरला बोटं पुसून दाजींनी कॅबिनेट उघडलं. तोंडात विडा. धुळीवर फुंकर मारली ती विड्यासकट. उंटावरचा शहाणा काय करतो ते मला शेजारी उभं राहून पाहावं लागलं, वर टॉर्चही धरावा लागला. जुना प्रोसेसर उपटून नवा बसवला, मशीन चालू केलं, आणि ते खरंच पटकन चालू झालं. दाजींनी स्वतःच टाळी वाजवली.

"एक फालतू बटण होतं पुढे, त्याच्या वायरीही काढल्यात. आणि हा जुना मी नेतो. किचेन करीन, खालच्या पिनांवर सोनं असतं त्याच्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खेळायला बसले. खेळ सुरू होताना एक सुरावट वाजते, ती वाजलीच नाही, नुसतं काहीतरी चिरकलं. चेंडू कधी वर गेला आणि कधी खाली पडला ते दिसलंसुद्धा नाही. बाबांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. दाजी मागे उभे राहून दात घासत होते. ब्रश तोंडातून काढून म्हणाले, "मशीन एकदम ओके आहे, बाबा. तुमचा हात स्लो झालाय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बहीण समोर होती. दुपारी धोंड्यांचा डबा घेऊन दोघं पुण्याला गेले.

त्या दिवसापासून बाबा कॉम्प्युटरजवळ फिरकले नाहीत. उजवा हात मांडीवर ठेवून ओटीवर बसायचे. चहाचा कप डाव्या हाताने घ्यायचे.

"झोपेत दुसरा झटका येऊन गेला असल," एकदा ते म्हणाले. "हात गेला रं माझा परत."

"मशीन फास्ट झालंय, बाबा. हाताला काही झालेलं नाही."

"जावई काय खोटं बोलतील?"

मी आईला म्हटलं, जुना प्रोसेसर परत मागवतो. ती म्हणाली, "धोंड्याच्या महिन्यात जावयाच्या हातात गेलेलं परत मागायचं नाय रं. पोरीला ऐकून घ्यावं लागंल." घरातला माणूस हात टाकून बसलाय आणि आम्ही जावयाच्या किचेनचा मान राखतोय. मला आमच्या अख्ख्या घराचा वीट आला होता.

रविवारी मी कॅबिनेट उघडलं. आत पालीच्या लेंड्या, एक वाळलेलं झुरळ, आणि त्यांच्या जोडीला दाजींची भर: प्रोसेसरवरच्या पंख्याला तुपाचा ओघळ आणि बोर्डावर विड्याचे लाल शिंतोडे. पालीची घाण मी निमूट पुसली. ते शिंतोडे पुसलेलं फडकं मात्र थेट बाहेर फेकून दिलं. मग एकेक करून पाहिलं. रॅमच्या पट्ट्या काढून परत बसवल्या, काही फरक नाही. बोर्डावर वेग ठरवणाऱ्या इवल्या काळ्या टोप्या असतात, त्या हलवून वेग कमी करायला गेलो, तर स्क्रीनच काळा. टोप्या होत्या तिथे परत लावल्या. मग समोर दोन वायरी दिसल्या, धोंड्याच्या दिवशीच्या गजऱ्याच्या दोऱ्याने नीट बांधून ठेवलेल्या.

दाजींचं फालतू बटण. त्या काळच्या मशीनला ते असायचंच. दाबलं की मशीन पूर्ण वेगाने चालायचं, सोडलं की मंद व्हायचं, कारण जुने खेळ वेगवान मशीनवर असेच उधळायचे. आमच्या मशीनवर त्याची कधी गरजच पडली नव्हती, म्हणून मीही ते विसरलो होतो. दोरा कापला, वायरी जागेवर लावल्या, बटण सोडून ठेवलं आणि बाबांना हाक मारली.

ते आले, पण बसले नाहीत. मी काय केलं ते त्यांना सांगितलं. त्यांनी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजी मला झेपावं म्हणून हळू केलंस."

"पहिल्यासारखं केलं, बाबा."

"म्हातारा झालो म्हणून पोरासोरांचा खेळ लावतोस व्हय?"

मी खेळ सुरू केला. सुरावट वाजली. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती, तिला बटणाचं काहीच माहीत नव्हतं. तिथूनच ती म्हणाली, "अवो, आज बरोबर वाजलं बगा. जावई आल्यापास्नं नुसतं चिरकत व्हतं."

बाबांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "परत लाव."

मी परत लावलं. त्यांनी मान कलती करून ती सुरावट शेवटपर्यंत ऐकली, आणि उजवा हात कीबोर्डवर ठेवला. पहिला चेंडू पडला. दुसरा त्यांनी परतवला.

इतक्यात फोन वाजला. दाजी. बाबांनी तो डाव्या हाताने कानाला लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता: "काय बाबा, फास्ट चालतंय ना?"

"झ्याक चालतंय, जावईबापू," बाबा म्हणाले. त्यांची नजर चेंडूवर होती. "मागनं बोलू. आता हात कामात हाय."