पाहुण्याचा शब्द

अमेरिकेत दोन वर्षं शेतीशास्त्र शिकून परतलो, तेव्हा माझ्या ट्रंकेत हवेत फेकून झेलायची एक पांढरी प्लास्टिकची तबकडी, फ्रिस्बी, होती. तिचा सांघिक खेळ तिकडच्या शाळा-कॉलेजांत नुकताच निघाला होता. तो इकडे आणणारा पहिला मीच, अशी हवा डोक्यात घेऊन मी एकाहत्तरच्या थंडीत पुण्याहून एसटीत बसलो. केडगाव, नगर मागे पडलं आणि राहुरीला मावसभाऊ अण्णा बैलगाडी घेऊन उभा होता.

गावात पोचताच शेतावर हुरडा आणि लसणाची चटणी. पोट तुडुंब भरल्यावर मी तबकडी काढली आणि फुशारकीनं फेकली. ती थेट कडब्याच्या गंजीवर (रचलेल्या ढिगावर) जाऊन बसली. सगळे पोट धरून हसले.

संध्याकाळी कालव्याकाठच्या मोकळ्या रानात अण्णाचा कबड्डीचा संघ जमला. मी नियम सांगितले. तबकडी हातात असताना धावायचं नाही, उभ्यानंच आपल्या गड्याकडे फेकायची. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या गड्यानं झेलली की गुण. भुईला लागली की ती दुसऱ्या संघाची. आणि या खेळात पंच नसतो, ज्यानं त्यानं आपलं खरं सांगायचं.

"पंच न्हाई? मग मी काय करू?" किसनमामा म्हणाले. पन्नाशीचे हे गृहस्थ गावच्या कबड्डीचे पंच. त्यांच्या नजरेवर शेजारची गावंसुद्धा भरवसा ठेवत.

"तुम्ही खेळा," मी म्हणालो. ते धोतर खोचून समोरच्या संघात उतरले.

तासाभरात खेळ रंगला. सहा-सहा गुण झाले, आता एकाच गुणाचा प्रश्न होता. तबकडी पट्ट्यात खाली आली, मी झेप घेतली. ती आधी ढेकळाला लागली, मग माझ्या हातात आली. मला ते स्वच्छ कळलं होतं.

"झेलली," मी ओरडलो.

"भुईला लागली," शेजारी उभे असलेले किसनमामा शांतपणे म्हणाले.

"नाही लागली."

अण्णा तापला. "मामा, आमच्या पाव्हन्याला खोटं पाडता व्हय? खेळ त्यानंच आनलाय." बाकीच्यांनीही त्याचीच री ओढली.

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग हात जोडले. "चुकलं माझं, पाव्हनं. दिसलं तसं बोल्लो."

"असू द्या हो," मी म्हणालो. त्या मोठेपणाची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या सकाळी परतीच्या एसटीत मामा माझ्याच शेजारी. कुठं निघालात, विचारलं.

"नगरला, डोळं दाखवाया. हातभर अंतरावरचं चुकीचं दिसाया लागलं, म्हंजे लई झालं. अन्नाला सांगितलं, औंदा पंच दुसरा बघा."

बोलायला नगरपर्यंतचा सगळा रस्ता होता. तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा उसाच्या लागवडीचं विचारलं. मामा आपले भाबडेपणानं सांगत राहिले.

नगर आलं. पिशवी उचलताना ते थबकले. "डाक्टरला काय सांगू, लांबचं दिसत न्हाई का जवळचं?"

"जवळचं," मी म्हणालो.

मान डोलावून ते उतरले. त्यांची नजर पहिल्यासारखीच चोख होती, हे माहीत असलेला एकटा माणूस त्याच गाडीनं पुढं पुण्याला निघून आला.