काकवी लावलेलं जनावर

तो पिक्चर मी लिहिला होता, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी विचारत नाही.

उसात एक जनावर. वाघ नाही, बिबट्या नाही, आणखी काहीतरी. गुऱ्हाळात कोंडलेली चार माणसं, आणि चुलवाण विझलं की जनावर आत येणार. सणसवाडीत मी आणि माझा मित्र एका खोलीत भाड्यानं राहत होतो, कामालाही एकाच कंपनीत. शिफ्टवरून आलो की मी वहीत लिहायचो आणि तो झोपायचा. पण फोन त्याचा भारी, म्हणून डायरेक्टर तो झाला. जनावराचा रोलही त्यानंच घेतला. तो मी स्वतःसाठी लिहिला होता. एक शब्द बोलायचा नाही, पण अख्खा पिक्चर त्याच्यावर. "तू उंचीला कमी पडतोस रं," म्हणाला. आयत्या बिळावर नागोबा, आणि वर बिळवाल्याची उंची मोजतोय.

शूटिंग खुटबावला, माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे आप्पांच्या गुऱ्हाळावर. शिरूरचा हा पाहुणा दोन दिवसांत आप्पांचा लाडका झाला. त्याला म्हणाले, "पोरा, आधी ताजा गूळ खा, मंग नाच." आणि माझ्याकडे वळून, "तू जरा पोत्यांचं बघ." माझ्या पोटात दुखायला तिथूनच लागलं, खोटं कशाला बोलू.

पोत्यांचं मीच बघितलं. खताच्या पोत्यांवर उसाची चिपाडं शिवून जनावराचं अंग केलं. चेन नव्हती, म्हणून तो आत शिरला की मी दाभणानं सुतळी ओवून पाठ शिवून टाकायचो, मानेपर्यंत. तिसऱ्या दिवशी शॉट एकट्या जनावराचा होता, बाकीची मंडळी आलीच नव्हती. त्यानं फोनमध्ये बघून नाक मुरडलं. "लई कोरडं दिसतंय. काकवी लाव अंगावर, चकाकलं पायजे."

काकवी म्हणजे गूळ घट्ट होण्याआधीचा पाक. गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला एवढं कळतं, की दिवसा ती उघडी ठेवायची नाही. मधमाश्या येतात, त्यांच्यामागं गांधीलमाश्या. शिरूरच्या बाजारपेठेत वाढलेल्याला हे कुठून ठाऊक असणार? आप्पा यवतला गेले होते. मी म्हणालो, "लावतो की." आणि दोन्ही हातांनी लावली, काखेतसुद्धा.

भर दुपारी उसाच्या कडेला शॉट सुरू झाला. आधी दोनचार माश्या आल्या. तो ठरल्याप्रमाणं डुलत पुढं आला. मग पाठ काळी झाली. शिवणीच्या फटींतून त्या आत शिरल्या असणार, कारण तो एकदम ओरडला, खाली लोळला, मागं हात नेऊन सुतळी ओढू लागला. सुतळी मी दुहेरी ओवली होती. "फाड," तो आतून म्हणत होता, "आरं, फाड लवकर." मी फोन धरून उभा. भीतीनं थिजलो होतो, असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला बघायचं होतं.

त्याचा आवाज थांबला, तेव्हा मात्र मी धावलो. फोन टाकला, कोयता घेतला, पाठ फाडली आणि त्याला हौदात ढकललं. डोळे सुजून बंद झाले होते. दोन दिवस तो दौंडला दवाखान्यात होता, उशाला मी बसून होतो. मलाही बऱ्याच चावल्या होत्या, पण त्याच्या शेजारी माझ्या सुजेकडं कोण बघणार.

पुढं शिरूरच्या एका मंगल कार्यालयात पिक्चर दाखवला. तो शॉट आला आणि खुर्च्या वाजायच्या थांबल्या. माझ्या मागं कुणीतरी म्हणालं, "काय काम केलंय गड्यानं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पिक्चर संपल्यावर त्यानं माईक घेतला आणि मलाच वर बोलावलं. "ह्यानं तवा फोन खाली ठिवला न्हाई," तो म्हणाला, "म्हणून ह्यो पिक्चर झाला. ह्याच्यासाठी वाजवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो माझ्या खांद्यावर हात टाकून उभा होता, पण माझ्याकडं बघत नव्हता.

त्याला ठाऊक आहे का? दवाखान्यात भेटायला आलेल्या आप्पांनी सांगितलंही असेल, की गुऱ्हाळावरचा माणूस अशी काकवी कधी लावायचा नाही. मी विचारलेलं नाही. तो "व्हय" म्हणाला, तर इतके दिवस गप्प राहून तो माझ्यापेक्षा मोठा ठरेल, आणि ते काही मला सोसायचं नाही.