ब्रेकबाईच्या गाडीचे पोचे

माझ्या ताईच्या गाडीकडे बघून लोक नाक मुरडतात तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ताई ड्रायव्हिंग स्कूल चालवते. मी तिथेच काउंटरवर बसते, फोन घेते, शिकणाऱ्यांच्या वेळा लावून देते. काउंटरसमोर काच आहे आणि काचेपलीकडे गाडी उभी असते, त्यामुळे नाक मुरडण्याचा सगळा कार्यक्रम मला जागेवरून दिसतो. माणूस येतो, पाटी वाचतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो, बंपरला बांधलेली तार बघतो आणि काहीतरी आठवल्यासारखं करून निघून जातो. जा बाबा. नाक्यावर नवीन स्कूल निघालंय, तिथे आरशासारख्या गाड्या आहेत. त्यात बघून भांग पाड.

गाडी कशी दिसते ते तीन गोष्टींवर ठरतं म्हणे: तिचं वय, तिचं पळणं आणि मालकाची निगा. आता वय म्हणाल तर ही निळी गाडी वीस वर्षांच्या पुढची. पळणं म्हणाल तर मीटर बघून फसाल. ती कधी लांब गेलीच नाही. मागचं मैदान, समोरची गल्ली, पुलाचा चढ आणि परत. पण जेवढी पळाली तेवढी कुणाच्या ना कुणाच्या थरथरत्या पायाखाली पळाली. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसून गेलेत. स्टिअरिंग दोनच जागी गुळगुळीत झालंय, घाबरलेला माणूस जिथे जीव मुठीत घेऊन धरतो तिथे. चालकाची सीट दाराच्या बाजूला खचलीय, कारण शिकणारा अर्धा पळून जायच्या तयारीनेच बसतो. राहिली निगा. ताई स्वतःच्या डोळ्यांत थेंब घालायला विसरेल, पण ब्रेक तपासायला विसरणार नाही. ऑइल वेळेवर, क्लचप्लेट वेळेवर, थंडीतसुद्धा पहिल्या चावीला गाडी चालू. पण ही निगा पत्र्यावर दिसत नाही. पत्र्यावर दिसतात ते पोचे, आणि लोकांना वाटतं, बाईला गाडीची काही किंमत नाही.

ताईला सगळे ब्रेकबाई म्हणतात. तिच्या बाजूलाही एक ब्रेक आहे, त्यावर तिचा पाय असतो, म्हणून. पण तिचं खरं मोठेपण हे की ती तो ब्रेक फार कमी दाबते. तरुणपणी ती दुसऱ्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये टायपिस्ट होती. तिथला मास्तर शिकायला आलेल्या बायकांच्या हातावर पट्टी मारायचा. गाडीला ओरखडा गेला तर बाईला उतरवायचा आणि मैदानातून चालत घरी पाठवायचा. ताईने एकदा ती पट्टी त्याच्या हातून काढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि नोकरी सोडून घरी आली. नंतर स्वतः शिकली, परवाने काढले, गाडी घेतली. राग असा कामाला लावलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

गाडी नवी आली त्या आठवड्यात पहिली शिकाऊ मीच होते. निळा रंग असा चकचकीत की त्यात माझाच घाबरा चेहरा दिसायचा. काउंटरच्या काचेतून दिसतं त्या आवाराच्या गेटातून गाडी उलटी बाहेर काढायची होती. गेटाला दोन लोखंडी खांब आहेत. मी खांबापासून हातभर अंतरावर थांबले, उतरले आणि म्हणाले, ताई, नव्या गाडीला काही झालं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तेव्हापासून मी काउंटरवर आहे. माझ्यानंतर आलेल्या एका नर्सने तो खांब ठोकला. ताई उतरली, पोच्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लागलं बाई तुझं नाव गाडीला. आता बस." तिथून तो रिवाजच पडला. पहिला पोचा माफ, वर ते एक वाक्य. अँब्युलन्स चालवणारा एक जण अजून येतो आणि मुलाला डाव्या मडगार्डवरचा आपला पोचा दाखवतो.

यंदा पाववाली आली. तिचा नवरा बेकरीची व्हॅन चालवायचा, पहाटे दुकानादुकानांत पाव टाकायचा. त्याची एक बाजू लुळी पडली. बेकरीचा मालक भला माणूस, म्हणाला, तू लायसन्स काढ, फेरी तुलाच देतो, तोवर मी कुणालातरी धरून चालवतो. पण भल्या माणसाचाही पाव शिळा होतोच. पाववाली रिव्हर्समध्ये एकदा नापास झाली होती. दुसरी टेस्ट हुकली असती तर फेरी दुसऱ्याला गेली असती, आणि मालकाला दोष देता आला नसता. बाई हळवी, आवाज चढला की डोळे भरायचे. ताईने तिला खांबाला दोनदा धडकू दिलं. तिसऱ्या वेळी ती मान मागे वळवून, जीभ चावत, अलगद बाहेर निघाली. ताई म्हणाली, झालं, ही पास.

आणि नेमकं तेव्हा ताईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. काही दिवस गाडी बंद. आईची काळजी घ्यायला ताईचा लेक, माझा भाचा, आला.

भाचा गाड्यांच्या शोरूममध्ये विकायचं काम करतो. पोरगा वाईट नाही, पण शोरूममध्ये राहून त्याला सगळं जग शोरूमसारखं दिसायला लागलंय. आल्या आल्या त्याने आईला केस काळे करायची बाटली आणून दिली. मला म्हणाला, मावशी, गाडी सर्व्हिसिंगला नेतो. मी चावी दिली. माझ्या हाताने दिली! गाडी परत आली ती मी ओळखलीच नाही. डेंटिंग, पेंटिंग, पॉलिश, नवीन बंपर, गिअरला नवीन मूठ, सीटला कव्हर. एक पोचा शिल्लक नाही. साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. त्याने बोनसचे पैसे घातले होते, आणि चेहऱ्यावर बक्षीस घेताना असतं तसं हसू होतं.

मी तोंड सोडलं. तोही गप्प बसला नाही. म्हणाला, आईला लोक भंगारवाली म्हणतात, ते तुम्हाला ऐकू येत नाही, मला येतं. नाक्यावरच्या स्कूलमुळे आपले शिकाऊ कमी झालेत, हे तरी दिसतं का? तो खोटं बोलत नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला. ताई डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बाहेर आली, एका डोळ्याने गाडीभोवती फिरली. छान केलंस, म्हणाली. लेकाने प्रेमाने केलेलं, दुसरं काय म्हणणार. संध्याकाळी अँब्युलन्सवाला मुलाला घेऊन आला. मडगार्डवर हात फिरवत राहिला, मग मुलाचा हात धरून गेला.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ताई पुन्हा शिकवायला बसली आणि करायला गेलो काय आणि उलटे झाले पाय. जो तो दार असा लावायचा जणू आत बाळ झोपलंय. एक्सलरेटर कुणी दाबेना, गल्लीतून गाडी कुणी वळवेना. आणि एक दिवस मी काचेआडून ताईचा आवाज ऐकला: "अगं, जपून!" इतक्या वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. ऐकून तीच दचकली. त्या दिवशी ती जेवली नाही. मला म्हणाली, "माझ्या आत तो पट्टीवाला मास्तर येऊन बसलाय."

पाववालीचं तर सगळं शिकलेलं वाहून गेलं. टेस्टच्या आदल्या दिवशी ती गेटातून रिव्हर्स घ्यायला बसली. पाय क्लचवर लटलटत होता. गाडी थोडी मागे सरकायची, थांबायची. पुन्हा सरकायची, थांबायची. बाजूला भाचा जाहिरातीसाठी मोबाइलवर फोटो काढत उभा. आणि त्याच्या तोंडून निघालं, "काकू, सांभाळून हं, रंग ओला नाहीये पण नवा आहे." पाववाली खांबापासून हातभर अंतरावर थांबली. अगदी माझ्या जागी. उतरली, चावी ताईच्या हातात दिली आणि रडत म्हणाली, "बाई, माझ्याने नाही होणार. नव्या गाडीला काही झालं तर मी कुठून भरून देऊ? तुम्ही टेस्टवाल्यांना कळवा, मी उद्या येत नाही."

मी तिच्याकडे बघत होते. वाटलं, आता तरी ओरडेल. पण ती चावी हातात धरून गप्प उभी, आणि त्या गप्प राहण्याने माझं डोकं फिरलं. माझं अर्धं आयुष्य त्या हातभर अंतरात गेलं होतं. आणखी एका बाईचं जाणार, तेही कशापायी, तर पत्र्याच्या तकाकीपायी! मी काउंटर सोडून बाहेर आले, ताईच्या हातून चावी घेतली आणि गाडीत बसले.

मला गाडी येत नाही. पण इतकी वर्षं काचेतून ऐकलेलं कानात भरलेलं होतं: क्लच पूर्ण, गिअर, हळू सोड. नवीन मुठीवर आकडे ठळक होते, भाच्याचा तेवढा एक उपकार. मी उलटा गिअर टाकला. धडकायचं हे ठरवूनच बसले होते, पण खरं सांगायचं तर खांब जवळ आल्यावर भीती वाटली, मी ब्रेक शोधला आणि पायाला एक्सलरेटर सापडला. धाडकन आवाज झाला. खांब हलला, मीही हलले.

उतरून पाहिलं तर मागच्या कोपऱ्याला परातीएवढा पोचा, त्यावर रंगाचे पोपडे.

"मावशी, तुला गाडी येत नाही," भाचा म्हणाला.

"येत नाही म्हणून तर धडकली. येत असती तर मुद्दाम धडकवावी लागली असती."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाईट वाटलं, पण राग त्याहून जास्त होता, म्हणून मी गप्प राहिले नाही. त्याला म्हटलं, तुझ्या आईने ही गाडी लोकांची भीती घालवायला काढली होती. तू ती बघण्यासाठी ठेवायला निघालास. कळलं नाही तर नको कळू दे, पण बाजूला हो.

ताई वाकली. एक डोळा अजून अंधुक होता, म्हणून तिने पोच्यावरून तळहात फिरवला, कडेपर्यंत, सावकाश. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लागलं बाई तुझं नाव एकदाचं." आणि पाववालीकडे वळली. "चल, बस. याहून वाईट तू काय करणार आहेस?"

पाववाली रडता रडता हसली. बसली. पहिल्या खेपेला आरसा खांबाला घासला आणि नव्या रंगावर लांब चरा उठला. तिने गाडी थांबवली नाही. दुसऱ्या खेपेला ती मान मागे वळवून, जीभ चावत, अलगद बाहेर निघाली, गल्लीत वळली आणि पुलाकडे गेली. ताईने ब्रेक दाबला की नाही ते मला लांबूनही गाडीच्या चालीवरून कळतं. दाबला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती पास झाली. आता पहाटे तिची व्हॅन आमच्या दारावरून जाते. मागच्या एका कोपऱ्याला पोचा आहे, तोही तिनेच पाडलेला.

भाचा पोचा पडला त्याच संध्याकाळी परत गेला होता. बरेच दिवस फोन नाही. मीही केला नाही. माझं चुकलं असं मला वाटत नाही, त्याचं चुकलं असं त्याला वाटत नाही, घराण्यात रागाला तोटा नाही. मग एका सकाळी त्याचा फोन आला, ताईने काउंटरवरच घेतला. मी वेळा लावत होते, पण कान तिकडेच. पाववाली पास झाल्याचं त्याला कळलं होतं. बराच वेळ तो काय काय बोलत होता आणि ताई हुं हुं करत होती. शेवटी तो म्हणाला असावा की पेंटरला पाठवतो, मागचा तेवढा कोपरा तरी नीट करून घे.

"बाकी काय करायचं ते कर," ताई म्हणाली. "त्या कोपऱ्याला कुणी हात लावायचा नाही. तो माझ्या बहिणीचा आहे."

मग तिने फोन ठेवला, आणि उद्या सकाळची पहिली वेळ कुणाला दिलीय म्हणून मला विचारलं. कुणालाच नाही, असं मी सांगितलं. तिने गाडीची चावी माझ्यासमोर काउंटरवर ठेवली आणि चहा टाकायला आत गेली.