सिनेमातला बाप

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला बाबांनी मोटारसायकल थांबवली. कुंभार पिंपळगावातून निघताना सगळ्यांना सांगितलं होतं, पोरीची जालन्याला दवाखान्यात मुलाखत आहे. बाबा, आई आणि मी, आम्हा तिघांनाच खरं माहीत होतं. हैदराबादला अश्फाक वाट बघत होता, आणि आम्ही नोंदणी पद्धतीनं लग्न करणार होतो.

"हे बघ," बाबा म्हणाले, "मी तुला हितं आणून सोडलं, हे कुणाला सांगायचं न्हाई. गावात मी बोंब मारणार, पोरगी पळाली म्हणून. शिव्याबी देईन. तुझ्या कानावर आलं तर खरं मानू नको."

बस आली. त्यांनी माझी बॅग वर दिली आणि बस सुटायच्या आत गाडी वळवून निघून गेले.

बाबा गवंडी. गावातल्या कितीतरी घरांच्या भिंती त्यांच्या हातच्या. आम्ही बौद्ध, अश्फाक अंबडचा मुसलमान. बापानं स्वतः पोरगी पाठवली हे कळलं असतं तर त्यांना कुणी कामावर बोलावलं नसतं, आणि माझ्या धाकट्या भावाचं, संघपालचं लग्नही अडलं असतं. म्हणून ते ओरडले. आई सांगायची, चौकात उभं राहून इतकं वाईट बोलले की तिलाच खरं वाटलं.

हैदराबादनं मला ठेवून घेतलं. दवाखान्यात नर्स म्हणून लागले. वॉर्डात पेशंटशी तेलुगू, घरी सासूबाईंशी उर्दू, आणि मराठी फक्त फोनवर. आमच्या बिल्डिंगीत एका मजल्यावर नमाज, दुसऱ्यावर अय्यप्पाची पूजा. पण निवडणूक आली की जिन्यात लोक एकमेकांकडं बघेनासे होतात. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून आलात त्यांना हे माहीत असेल: शहर आपल्याला जागा देतं, पण मधूनमधून विचारत राहतं, तू नेमकी कुणाची?

एकदा माझ्या वॉर्डात श्रावणीची आई ॲडमिट होती. श्रावणी सिनेमे करायची. आमच्यासारख्या लग्नाची, घरच्यांची आणि गल्लीतल्या राजकारणाची गोष्ट तिला करायची होती. मी तिला सगळं सांगितलं, वडीगोद्रीसुद्धा. माझं नाव नको, गावाचं नको, एवढंच बजावलं. तिनं ते पाळलं.

सिनेमा बघायला अश्फाक आणि मी गेलो. पडद्यावर मुलीचा बाप तिला अंगणातून ओढत नेतो, काठीनं मारतो. सिनेमा हिंदी, पण बापाच्या तोंडी आमच्याकडचीच बोली, बाबांसारखंच डोक्याला गुंडाळलेलं उपरणं. मुलगी पळते तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची बाई त्या बापाला मोठ्यानं शिवी देऊन मोकळी झाली. मला उठून ओरडावंसं वाटलं की असा नव्हता तो. अश्फाकनं माझा हात धरून ठेवला.

श्रावणीला फोन केला तर म्हणाली, "दीदी, बाप ही अच्छा निकला तो कहानी किस से लड़ेगी?"

आभारांच्या पाटीत माझं नाव नव्हतं, पण तिच्या युनिटमधल्या कुणीतरी शूटिंग बघायला गेले तेव्हाचा माझा नटीबरोबरचा फोटो, हिचीच ही गोष्ट म्हणून, नेटवर टाकला. तो गावात पोचला. संघपाल तेव्हा पंचायत समितीला उभा होता. विरोधकांनी ती मारहाणीची क्लिप आणि माझा फोटो जोडून मोबाइलवर फिरवला. एक गट म्हणे, असल्या राक्षसाच्या पोराला मत द्यायचं का? दुसरा म्हणे, पोरगी तिकडं नांदते, म्हणजे यांचं आतून जमलेलंच असणार.

संघपालचा फोन आला. "ताई, व्हिडिओ करून पाठव. तू पळालीस तवाच बाबानं तुला तोडलं, नंतर आमचा तुझा काही संबंध न्हाई, असं बोल. जल्दी."

"खोटं आहे ते."

"मंग खरं बोल. आईला गावात राहू देतील का बघ."

मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, "त्यो म्हणतो तसं बोल, बाई. एका सिनेमात वाईट झालोच हाये, आजून एकात झालो तर काय होतंय?"

मी बोलले. पाठीमागं पांढरी भिंत, समोर मोबाइल धरलेला अश्फाक. "मी पळून आले, तेव्हाच माझ्या वडिलांनी मला तोडलं." हे वाक्य नीट यावं म्हणून मला ते पुन्हापुन्हा बोलावं लागलं.

संघपाल निवडून आला. मुलीला तोडणारा कणखर बाप म्हणून बाबांना स्टेजवर शाल घातली. त्यानंतर ते कुणाशी फारसे बोललेच नाहीत. गवंडीकामाची ओळंबा-थापी बाजूला ठेवली. माझा फोन आला की आईला म्हणत, "सांग, झोपलोय."

या उन्हाळ्यात बाबा गेले. संघपालनं कळवलं आणि लगेच सांगितलं, "येऊ नको. लोकं जमलेत." मी बॅग भरली होती. अश्फाक म्हणाला, चल, जे होईल ते बघू. पण संघपालला परत फोन लावला तेव्हा त्याच्या मागून आईचा आवाज ऐकू आला, "नको येऊ गं, माझे हाल व्हतील." मी गेले नाही. त्यांचं तोंड पाहिलं नाही.

गावात आजही ते पोरीला मारणारे म्हणून ओळखले जातात. काहींना त्याबद्दल राग आहे, काहींना अभिमान. मी हे लिहू का, म्हणून आईला विचारलं. ती म्हणाली, "लिही. त्यानं तुला सोडायला नेलं ती रात मी जागून काढल्ती. मलाबी कुणाला सांगता आलं न्हाई."

म्हणून लिहिलं. याचे परिणाम तिला भोगावे लागतील, आणि मी इतक्या लांब आहे. तिला इकडं बोलावलं तर म्हणते, तुझ्या बापानं बांधलेल्या भिंती हितं हायेत. मला तिकडं जाता येत नाही.

माझं घर आता फोनवर आहे. दुपारी संघपाल बाहेर गेला की आई फोन लावते, हळू आवाजात बाबांबद्दल बोलते. ते हसायचे कसे, मी लहान असताना मला खांद्यावर घेऊन बाजारात कसे जायचे. मग दाराची कडी वाजते आणि ती वाक्य अर्धं टाकून फोन ठेवते.