लंगोट कोण धुतं

रेवा तीन महिन्यांची झाली तेव्हा आम्ही माहेराहून पुण्याला निघालो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी कोल्हारजवळच्या आमच्या वस्तीवर होते. नितीननं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, गाडी ओट्याला लावली. डिंकाचे लाडू, तुपाची बरणी, बाळंतशेपा आणि सगळ्यांत वर एक गाठोडं. गाठोड्यात लंगोट आणि दुपटी होती. आईनं स्वतःची जुनी सुती पातळं फाडून ती शिवली होती. तान्ह्या बाळाच्या अंगाला कोरं कापड लावायचं नाही, ते टोचतं, असं तिचं म्हणणं.

आण्णा, माझे वडील, गाडीच्या काचेपाशी आले. "नातीची हयगय करू नका," ते म्हणाले. "आमी तुमचं गू-मूत काढलं, तवा तुमी शेरात खुर्चीवर बसलाय." मी कॉलेजला गेले तेव्हा हेच वाक्य होतं. नोकरी धरली तेव्हाही, स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं तेव्हाही. आई त्यांच्या मागे उभी होती.  गाडी हमरस्त्याला लागेपर्यंत रेवा झोपली होती.

मी एका दैनिकाच्या डेस्कवर काम करते. तिथली पहिली शिकवण अशी, की क्रियापदाला कर्ता पाहिजे. 'झाडं तोडली गेली' असं लिहून पान सोडायचं नाही. कोणी तोडली ते शोधायचं. त्या सवयीनं मी 'आमी'ची चौकशी केली. आम्ही तीन भावंडं, शिवाय चुलत्यांची दोन मुलं त्याच घरात वाढली. आण्णांनी यांपैकी कोणाचा एक तरी लंगोट धुतल्याचं आईला आठवत नाही. आत्याला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. "तुझ्या बापानं? आगं, त्यानं सोताची बंडी कदी धुतली न्हाई!"

धुतले आईनं. चारीला, म्हणजे कालव्याच्या फाट्याला, पाणी असेल तेव्हा चारीवर, नसेल तेव्हा विहिरीवरून शेंदून आणून. थंडीत ऊस तोडणीला यायचा आणि पाटाच्या पाण्यात हात घातला की बोटं वळायची नाहीत. धुऊन तारेच्या कुंपणावर टाकायचे आणि दिवेलागणीच्या आत घरात आणायचे. पाचही पोरांच्या वेळी हाच क्रम होता.

पुण्यात आल्यावर मी एका वर्कशॉपला गेले. निसर्गाच्या जवळ राहून मूल वाढवणाऱ्या पालकांचा एक गट आहे, त्यांचं. हॉल वातानुकूलित होता. टेबलावर ऑरगॅनिक कॉटनचे, बटणांचे, चित्रांचे डायपर मांडले होते. बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, "आपल्या आज्या-पणज्या किती शहाण्या होत्या! पूर्वी घराघरांत कापडी लंगोटच वापरले जायचे. कचरा नाही, रसायनं नाहीत."

त्या म्हणाल्या ते खरंच आहे. कापड हवा खेळू देतं, ओलं झालं की मूल सांगतं, आणि कचरा डेपोत आपल्या नावाचा ढीग साचत नाही. मी कापडाच्याच बाजूची आहे, आमच्या घरी आजही तेच आहे. माझा राग 'वापरले जायचे' या शब्दांवर आहे. मी हात वर करून विचारलं, "धुवायचं कोण?" एक जण म्हणाली, "मशीन आहे की." दुसरी म्हणाली, "आमच्या मावशी करतात, त्यांना सवयच असते." सगळ्या हसल्या. त्या मावशींचं स्वतःचं मूल त्या वेळी कुठे असतं आणि त्याला कोण बघतं, हे त्या हॉलमध्ये कोणी विचारलं नाही. पुढचा विषय तेल मालिशचा होता.

आमच्याकडे लंगोट नितीन धुतो. मी रेवाला पाजते आणि दुपारच्या शिफ्टला जाते, तो घरून काम करतो आणि बादली त्याची. वसतिगृहात वाढलेला माणूस आहे, स्वतःचे कपडे धुण्यात त्याला कधी काही वाटलं नाही. इथे त्याचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. मी तेच करत असते तर कोणी वळून पाहिलं नसतं, म्हणून मला त्या कौतुकाचाही राग येतो.

मग अधिक महिना आला. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात जावयाला धोंड्याला बोलावतात, पुरणाचे धोंडे, अनारसे, नवे कपडे. आण्णांनी फोनवर फोन केले. त्याच्या थोडं आधी गोठ्यात गाईनं दावं ओढलं आणि आई पडली. उजवं मनगट मोडलं. आम्ही पोहोचलो तेव्हा प्लास्टर नुकतंच निघालं होतं. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, काही पिळायचं नाही, उचलायचं नाही. धोंडे चुलतीनं केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नितीन लंगोटांची बादली घेऊन टाकीजवळच्या धुण्याच्या दगडावर बसला. शेजारच्या मथुराकाकू डेअरीवर दूध घालून परत येत होत्या. त्या थांबल्या, बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पाव्हनं, आमच्याबी घरी या की धोंडं खायाला. दोन गोधड्या हायती धुवायच्या!"

नितीन हसला. "साबण तुमचा असला तर येतो, काकू."

"आरं बाबो! बोलतंय बी की ग्वाड," म्हणत त्या वस्तीभर सांगायला गेल्या.

आण्णा गोठ्यातून आले. "पाव्हनं, उठा. धोंड्याला आनलेल्या जावयाला धुनं धुवाया बसवलं म्हनत्याल लोक. माझी अब्रू न्हाई ऱ्हायची."

"आण्णा, पुण्यात मीच धुतो."

"पुन्याचं पुन्यात."

मी म्हणाले, "मग तुम्ही धुवा."

"म्या?" ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना काय करायला सांगतेय, हे त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं. "तुझी आई हाय की."

आई तोवर येऊन बादली डाव्या हातानं स्वतःकडे ओढू लागली होती. मी तिला मनगटाची आठवण करून दिली. "पिळत न्हाई गं," ती म्हणाली, "नुसतं चुबकते." मी बादली तिच्या हातातून काढून घेतली आणि भिजलेले लंगोट न्हाणीत नेऊन ठेवले. बाळाचं दूध झालं की मी धुणार होते.

आण्णा मोटरसायकल काढून गेले आणि मेडिकलमधून डायपरचं मोठं पाकीट घेऊन आले. ओट्यावर टाकलं. "घ्या. मिटलं." एका मिनिटासाठीही हात ओला न करता त्यांनी प्रश्न सोडवला होता. वापरलेल्याचं काय करायचं असं विचारलं तर म्हणाले, "वढ्यात टाक." मी ओढ्यावर जाऊन पाहिलं. वस्तीवरच्या इतर घरांचे प्रश्न तिथे आधीच पाण्यात फुगून पडले होते.

उन्हाळ्याचे दिवस. न्हाणीतले लंगोट भिजलेलेच राहिले आणि दिवसभर डायपर लागला. रेवाच्या मांड्यांना संध्याकाळपर्यंत लाल पुरळ उठलं. मी डायपर काढून तिला गाठोड्यात उरलेल्या दोन कोरड्या लंगोटांवर ठेवलं आणि न्हाणीतले सकाळी उठल्यावर धुवायचे ठरवले. सकाळी उठून पाहते तर सगळे लंगोट तारेवर होते, पिळून, झटकून, ओळीत. आई चुलीपाशी बसली होती. उजवा हात पदराखाली होता. पदर सारून पाहिलं, तर मनगटापासून कोपरापर्यंत सूज होती.

"पोरीला पुरळ आलं व्हतं," ती म्हणाली. "पाव्हन्यानं बसायच्या आत म्हनलं उरकावं."

तालुक्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला. जुळत आलेलं हाड सरकलं होतं. पुन्हा प्लास्टर. डॉक्टर आईवरच ओरडले. आण्णा दाराशी उभे होते, ते म्हणाले, "मी तिला काय सांगितलं न्हवतं धू म्हनून." हे वाक्य तपासून पाहिलं तर शब्दशः खरं आहे. त्यांना कधीच सांगावं लागलेलं नाही.

आईला मी त्याच गाडीत पुण्याला आणलं. "गुरांचं कोन बघंल?" एवढंच आण्णांनी विचारलं. तिनं गुरांना काय, कधी घालायचं ते गाडीच्या काचेतून सांगितलं. या वेळी काचेच्या आतल्या बाजूला ती होती.

जे गावाकडे राहिले ते आम्हाला म्हणतात, तुम्ही रीतभात विसरलात. माझ्याबरोबर शहरात आलेले म्हणतात, आपल्या परंपरेत सगळं होतं, आपणच ते सोडलं. दोघांनाही माझं उत्तर एकच आहे. त्या रीतीला आणि त्या परंपरेला एक मनगट होतं. मी त्याचा एक्स-रे पाहिला आहे.

पुण्यात पहिले काही दिवस आईनं खुर्ची भिंतीकडे फिरवून घेतली. नितीन गॅलरीत लंगोट धुवायला लागला की तिला बघवायचं नाही. "पाप लागंल मला," म्हणायची. पुढे खुर्ची अर्धी वळली. मग ती त्याला सूचना करू लागली, साबण जास्त झाला, अजून एक पाणी पाहिजे.

आण्णांचा फोन रोज सकाळी दूध घालून आल्यावर येतो. प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशीही आला. हात भरायला अजून वेळ लागेल, तोवर कामाला लावू नका, असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईला डाव्या हातानं फोन धरायची सवय नाही म्हणून मी तो स्पीकरवर ठेवला.

"लंगोट कोन धुतंय तितं?" आण्णांनी विचारलं.

आईनं गॅलरीकडे पाहिलं. नितीन पिळत होता. "मीच धुती की," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर चुकवली. जावयाची अब्रू, नवऱ्याची अब्रू, दोन्ही तिनं एका वाक्यात झाकल्या होत्या.

"मंग हात बरा झाला म्हनायचा," आण्णा म्हणाले. "उद्याच्या यष्टीनं ये. गुरांचं माझ्यानं व्हईना. भांडी तशीच पडल्यात."

 आपण काय बोलून गेलो ते आईला कळलं असावं. मी फोन उचलायला हात पुढे केला, तिनं डाव्या हातानं माझा हात बाजूला सारला.

"न्हाई वो," ती म्हणाली. "मी न्हाई धूत. पाव्हनं धुत्यात. मी बसून बगती."

 पलीकडे गाय हंबरली.

"तुमी धुनार असला तर सांगा," आई म्हणाली. "भांडी, धुनं, समदं. मंग मी येती."

आण्णांनी फोन कट केला. तेव्हापासून सकाळचा फोन आलेला नाही. आई रोज त्या वेळेला फोन जवळ घेऊन बसते, आणि वेळ टळली की रेवाला मांडीवर घेते.

ओळखीचे विचारतात, आई घरी कधी जाणार. मी विचारते, कोणाच्या? कोल्हारजवळच्या वस्तीवर आण्णांचं घर आहे. तिथे भांडी-धुणं कोण करणार, म्हणजे ते आईचंही होणार की नाही, हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही.