दारातल्या निळ्या चपला

मी देवीशी आयुष्यभर घाईतच बोललो. वाशीमकडच्या मालेगावात रस्त्यालगत माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसभर उकिडवं बसायचं, उठायचं, गाडीला किक मारून एक चक्कर टाकून यायचं, पुन्हा पाना हातात घ्यायचा. स्वस्थ बसणं मला कधी जमलंच नाही. आई म्हणते, मी पोटात होतो तेव्हाही तिला कूस बदलू देत नव्हतो. देवळातही माझी तीच तऱ्हा. हात जोडायचे, मागायचं ते मागायचं आणि निघायचं. या स्वभावाची मला कधी लाज वाटली नाही, उलट थोडा तोराच होता. गेल्या उन्हाळ्यात तो तोरा उतरला, त्याची ही हकिकत. यात चमत्कार किती आणि योगायोग किती हे मला ठरवता येत नाही. जे घडलं ते लिहितो.

माझ्या बायकोला, वर्षाला, एकाच वेळी तीन बाळं होणार होती. सोनोग्राफीत कळलं तेव्हा दुकानात पेढे वाटले होते. पण पुरे दिवस भरायला दोन महिने असताना तिच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि तिला वाशीमच्या दवाखान्यात न्यावं लागलं. ऑपरेशन झालं. आधी मुलगा, मग थोरली, आणि सर्वांत शेवटी धाकटी. धाकटीचं वजन किलोभरही नव्हतं. सिस्टर तिघांना एकामागून एक माझ्यासमोरून घेऊन गेल्या. धाकटीच्या वेळी तर मला नुसतं कापडच दिसलं, आत लेकरू आहे यावर विश्वास बसेना. मी भिंतीला टेकलो, डोळे मिटले आणि म्हणालो, "पोहऱ्याच्या आई, माही तिन्ही लेकरं घरी येऊ दे. तवरक मी पायात चप्पल घालणार नाही." पोहरादेवीची जगदंबा म्हणजे आमच्या आईचं सर्वस्व. नवस बोललो तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तसाच खाली गेलो आणि फाटकाजवळच्या लिंबाच्या झाडाखाली चपला सोडून आलो.

दुसऱ्या दिवशी बाळांना बघायला वर गेलो, तर अतिदक्षता कक्षाच्या दाराशी एक लाकडी मांडणी होती आणि तिच्यात धुतलेल्या निळ्या रबरी चपला ओळीनं ठेवलेल्या. बाहेरची धूळ आत जाऊ नये म्हणून प्रत्येकानं हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगावर गाऊन घालायचा आणि त्या चपला पायात सरकवून आत जायचं, असा नियम. मी हात धुतले, गाऊन घातला आणि अनवाणीच निघालो. सिस्टरनी अडवलं.

"भौ, चप्पल घाला."

"नवस हाय सिस्टर. नाही घालता येत."

"मंग काचेतून पाहा. लेकरायले तुमच्या नवसापेक्षा इन्फेक्शन लवकर लागते."

मला राग आला. पण खरं सांगतो, रागाबरोबर बरंही वाटलं. देवी परीक्षा घेते आहे आणि मी ती देतो आहे, असं काहीसं मनात आलं. मी काचेपलीकडून बघायला लागलो. तीन पारदर्शक पेट्या, नळ्या, तारा, वर लुकलुकणारे आकडे. मग तिथेही मला उभं राहवेना. मी खाली जायचो, औषधं आणायचो, आईसाठी चहा आणायचो, बालाजीच्या देवळात जाऊन यायचो, परत वर, परत खाली. डांबर तापून मऊ झालेलं असायचं. चौथ्या दिवशी टाचेला फोड आले, सहाव्या दिवशी ते फुटले. वॉर्डातली माणसं माझ्या पायांकडे बघून हळहळायची. ती हळहळ मला आवडायची, हे आज कबूल करतो. प्रत्येक चटक्याला मी मनातल्या मनात देवीला म्हणायचो, बघ, मी माझं करतोय, आता तू तुझं कर.

रोज सकाळी बाळांचं वजन व्हायचं. सिस्टर दारात येऊन सांगायच्या. मुलगा वीस ग्रॅमनं वाढला, थोरली पंधरानं. धाकटीचं वजन मात्र एक दिवस चढायचं आणि दोन दिवस उतरायचं. शिवाय तिचा श्वास मध्येच थांबायचा. आठ-दहा सेकंद नुसती निपचित. मशीन ओरडायचं, सिस्टर धावायच्या आणि तिच्या तळपायाला बोटानं टिचकी मारायच्या. मग ती दचकायची आणि श्वास पुन्हा सुरू व्हायचा. काचेबाहेर उभा राहून मी हे पाहायचो आणि माझाही श्वास अडकायचा. औषध नाही, सुई नाही, नुसती तळपायाला टिचकी.

दहाव्या-अकराव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की आता तिघांना माणसाच्या उघड्या छातीवर ठेवायला सुरुवात करू. कापडानं बांधून, तासन् तास, हलायचं नाही. मशीनची ऊब वेगळी आणि माणसाची वेगळी. छातीशी धरलं की लेकरं श्वास विसरत नाहीत. वर्षाला टाके होते, अंगात तापाची कसर होती, तरी तिनं मुलाला घेतलं. थोरलीला माझ्या आईनं घेतलं. वर्षाची आई तिच्या लहानपणीच गेली. म्हणजे धाकटीसाठी उरलो मी.

वर्षा चाकाच्या खुर्चीत बसून दारापर्यंत आली. "येता ना आत?" तिनं विचारलं. मी खाली बघितलं. जिभेवर एकच वाक्य होतं, नवस मोडला आणि काही झालं तर? ते मी बोललो. लग्न झाल्यापासून तिनं माझ्यावर आवाज चढवला नव्हता.

"तुमी देवीले पाय देले," ती म्हणाली. "मले काय देलं? त्या पोरीले काय देलं? दहा दिवस झाले, तिनं बापाचा हात नाही पाह्यला."

ती खुर्ची वळवून आत गेली. मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, फोडांवरून, जणू तेवढं चाललं की उत्तर सापडणार होतं. बाकावर एक वयस्क मुसलमान बाई बसल्या होत्या. त्यांना मी रोज बघत होतो. कारंज्याकडच्या. त्यांच्या मुलीचं बाळही आत होतं आणि ते आता बाहेर मुलीजवळ दिलं होतं. सगळे त्यांना खाला म्हणायचे, मीही म्हणायचो. हातात जपमाळ होती, पण नजर माझ्यावर.

"ओ बाबू, तुह्याकडं पाहून मलेच चक्कर येऊन राह्यली. बस ना जरासा."

मी बसलो नाही, पण उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नवस, चपला, धाकटी, वर्षाचं बोलणं. त्यांनी जपमाळ ओढणीच्या टोकाला बांधली, गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या आणि दाराशी जाऊन सिस्टरला म्हणाल्या, "पंधरा रोज मी माह्या नातवाले असंच छातीवर घेऊन बसली. हात धुवाचं मले ठाऊक हाय. या भौच्या पोरीले आज मी घेतो. अल्लाचं लेकरू हाय, पेटीत काहून ठेवता?"

सिस्टर डॉक्टरांना विचारायला गेल्या. डॉक्टरांनी खालांना तपासलं, वर्षाला विचारलं. वर्षानं होकार दिला. आणि मी काचेतून बघितलं, माझी मुलगी एका परक्या बाईच्या छातीवर, तिच्या ओढणीखाली. फक्त डोक्यावरची इवलीशी टोपी दिसत होती. खालांचे ओठ हलत होते. सुरुवातीला माझ्या मनात जे आलं ते लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो. मला मत्सर वाटला. नवस माझा, चटके माझे, आणि लेकरू दुसऱ्याच्याच प्रार्थनेखाली निजलेलं. त्या दुपारी चार तास खाला हलल्या नाहीत. त्या चार तासांत मशीन एकदाच ओरडलं. मी चार तासांत तीनदा खाली जाऊन आलो.

बाहेर आल्या तेव्हा त्यांचे गुडघे आखडले होते. भिंत धरून त्या बाकापर्यंत आल्या. म्हणाल्या, "उद्या माह्या पोरीले सुट्टी हाय. सकाळीच जातो आमी. उद्या तिले कोण घेईन?"

मी माझ्या पायांकडे बघितलं. त्यांनीही.

"तुह्या देवीले काय पायजे रे बाबू? तुहे पाय का तुही पोरगी?"

असं कुणी मला विचारलंच नव्हतं. आईनं नाही, मी स्वतःलाही नाही. मी काहीतरी पुटपुटलो, देवी कोपेल, बोललेला शब्द आहे, असं. तेव्हा खालांनी जे केलं ते आठवलं की आजही माझे हात थांबतात. त्या दाराशी गेल्या, खाली वाकल्या, निळ्या चपलांचा एक जोड उचलला आणि माझ्या आईच्या वयाच्या त्या बाईनं तो स्वतःच्या हातानं माझ्या पायांपुढे सरळ करून ठेवला. मी दचकून मागे सरलो. "खाला, हे काय करता!" त्या खालीच बसून होत्या.

"पाप लागलं तं मले लागो. घाल. देवीपुढं माहं नाव सांगजो. सांगजो का एका बुढीनं जबरदस्तीनं घालायले लावल्या."

मी रडलो. भर व्हरांड्यात, माणसांपुढे, ढसाढसा. आणि चपला घातल्या. सिस्टरनी आधी ओरडून माझे फोड धुतले, पट्ट्या बांधल्या, हात दोनदा घासायला लावले. नखांतलं ग्रीस निघेना म्हणून ब्रश दिला. मग खुर्चीत बसवलं आणि धाकटीला माझ्या छातीवर ठेवलं. वजन जाणवलंच नाही. जाणवली ती फक्त ऊब, आणि पोटाची बारीकशी वर-खाली.

पहिला तास मी कसा काढला ते मलाच ठाऊक. पाठीला खाज सुटली, मांडी बधिर झाली, डोक्यात दुकानातल्या अर्धवट गाड्या फिरल्या, देवीची माफी मागून झाली, पुन्हा भीती वाटून झाली. मग माझ्या तळव्याखालची ती वर-खाली थांबली. एकदम थांबली. मशीन वाजायच्या आधी मला कळलं. आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारा मी, आणि इथे मला एकही नट फिरवता येत नव्हता. द्यायला काही उरलं नव्हतं. पाय दिले होते, तेही परत घेतले होते. मी एवढंच म्हणालो, "आई, तुहीच हाय ही." मागणं नाही, अट नाही. सिस्टर आल्या, तळपायाला टिचकी मारली. धाकटी दचकली आणि तिनं माझ्या छातीवर लांब श्वास घेतला. त्या श्वासाबरोबर माझ्या आतलं काहीतरी खाली बसलं. त्यानंतर मी तीन तास हललो नाही. वर्षा पलीकडच्या खुर्चीतून बघत होती. रात्री हसून म्हणाली, "भिंगरी थांबली वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी वजन झालं. धाकटी बारा ग्रॅमनं वाढली होती. मी खालांना सांगायला धावत गेलो, तर त्यांच्या मुलीची खाट रिकामी होती. पहाटेच निघून गेल्या होत्या. आणि तेव्हा लक्षात आलं की त्यांचं नाव मी विचारलंच नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, रजिस्टरात मुलीचं नाव आहे, पण ते असं कुणाला देता येत नाही. बरोबरच होतं त्यांचं.

महिनाभर मी रोज त्या निळ्या चपला घातल्या. श्वास थांबणं आठवड्यातून एकदावर आलं, मग बंद झालं. धाकटीची नळी निघाली, ती वाटी-चमच्यानं दूध प्यायला लागली, मग वर्षाच्या अंगावर प्यायला लागली. ज्या दिवशी तिघं एकाच गाडीतून मालेगावला आली त्या दिवशी दवाखान्यातून निघताना लिंबाखाली माझ्या जुन्या चपला नव्हत्या. कुणीतरी नेल्या असतील. ज्याच्या पायात असतील त्याचं भलं होवो.

दिवाळीनंतर आम्ही तिघांना घेऊन पोहरादेवीला गेलो. मला मोडलेल्या नवसाची धाकधूक होती. गाभाऱ्यासमोर हात जोडले आणि खालांनी सांगितलेलं सांगायला तोंड उघडलं. "आई, चपला मी घातल्या, पण घालायले लावल्या त्या..." आणि पुढे नावच नाही. गर्दी मागून रेटत होती, पुजारी पुढे चला म्हणत होते, आणि मी नावाशिवाय उभा. मूर्तीकडे बघत राहिलो. मग माझ्या मनात आलं, हिला मी त्या बाईचं नाव काय सांगणार? तिला मी ओळखत नव्हतो. जिनं तिला पाठवलं, तिला ते नाव ठाऊकच असणार. मी नुसतं "खाला" म्हणालो आणि डोकं टेकलं.

बाहेर येऊन मंडपात टेकलो तर धाकटी माझ्या छातीवर झोपून गेली होती. वर्षानं दोघांना सावरत हाक मारली, "चला ना, बस निंगून जाईन!"

"जाऊ दे," मी म्हणालो. "झोपली हाय."

आणि मी बसून राहिलो.